भगंदराच्या ऑपरेशनआधी सोनोग्राफी गरजेची आहे का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना भगंदर आहे (म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेर कातडीपर्यंत पडलेली पूची वाट), सर्जनने ऑपरेशनच्या आधी तिथली सोनोग्राफी सांगितलीय, ती खरंच लागते की उगाच खर्च. मी डॉक्टर नाही, कणकवलीत रिक्षा चालवतो, पण ह्यातून दोनदा गेलोय म्हणून सांगतो, करा.

माझं असं झालं, बाजूला एक पुळी आली, फुटली आणि पू गळतच राहिला. आईचं एकच, "मुळव्याध असतली, सुरण खा." दोन महिने सुरण खाल्ला. मग एके ठिकाणी ऑपरेशन केलं, आधी फोटोबिटो काही नाही, बोटाने तपासलं आणि कापलं. आठ महिन्यांत परत गळायला लागलं, ते पण दुसऱ्या बाजूने. दिवसभर एका कुल्ल्यावर बसून रिक्षा हाकायची म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या सर्जनने सोनोग्राफीला कोल्हापूरला पाठवलं. फोंडाघाटातलं प्रत्येक वळण मोजलं मी. तिथे "गर्भलिंग तपासणी केली जात नाही" ह्या बोर्डाखाली सगळ्या गरोदर बायका आणि त्यात मी एकटा बाप्या, तो पण उभा.

आत कुशीवर झोपवलं, बोटाएवढा जाड प्रोब कंडोम आणि जेल लावून आत सरकवला, अवघडल्यासारखं होतं पण बोटाने तपासतात त्यापेक्षा जास्त काही नाही. प्रोब ३६० अंशातलं दाखवतो, स्क्रीनवर आतला स्नायू काळ्या कड्यासारखा आणि त्याच्या बाहेरचा पांढरट. मग बाहेरच्या भोकातून बारीक नळीने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं, जखम धुतात तेच, आणि बुडबुडे उठून अख्खी वाट पांढरी चमकली. हे लोक घड्याळाच्या भाषेत बोलतात, उताणं झोपल्यावर १२ म्हणजे पुढे, ६ म्हणजे माकडहाडाकडे. माझं बाहेरचं भोक ४ वर, आतलं तोंड ६ वर. पहिल्या वेळी उजवीकडची ७ ची वाट तेवढी कापलेली, हा डावा फाटा आणि आतलं तोंड तसंच राहिलेलं, मग परत होणारच ना!

दुसरी गोष्ट स्नायूची. वाट किती स्नायूतून जाते ते आधी कळलं तर सर्जन ठरवतो सरळ उघडायची की धागा घालून हळूहळू घ्यायचं, कारण स्नायू जास्त कापला गेला तर शी-वारा आवरत नाही, आणि वडिलांच्या वयात ते फार वाईट. मला धागाच घातला होता.

एमआरआयचं म्हणाल तर वाट खूप वर, खोल गेली असेल किंवा बरेच फाटे असतील तर तोच बरा, प्रोबला लांबचं नीट दिसत नाही. आतलं तोंड शोधायला मात्र सोनोग्राफी चांगली, आणि स्वस्त. ज्याला ह्याच तपासणीची सवय आहे असाच रेडिओलॉजिस्ट गाठा, पोटाची सोनोग्राफी करणारा प्रत्येक जण हे करतोच असं नाही. वडिलांना प्रोब सहन होत नसेल तर बाहेरून साधा प्रोब टेकवूनही बघतात, ते विचारा.

आणि आत्ता ताप, ठणका, लालभडक गाठ असं असेल तर सोनोग्राफीच्या नंबरची वाट बघत बसू नका, आधी पू काढून घ्या, वाटेचं नंतर बघता येतं.