प्रश्न वाटून विचारले, मग उरलेली उत्तरं कोण देणार?

प्रश्न : मी टीवाय बी.एस्सी. (स्टॅटिस्टिक्स) करते. सुट्टीत एका सर्व्हे एजन्सीचे फॉर्म भरून घेते. ९० प्रश्न असतात. अर्ध्यानंतर लोक कंटाळून काहीही सांगतात. आता प्रश्न वाटून विचारायचे, बाकीचं कॉम्प्युटर भरेल, असं ठरलंय. ही बनवाबनवी नाही का? यात करिअर आहे का?

उत्तर : बनवाबनवी नाही. कोणाला काय विचारायचं नाही हे लॉटरीने ठरतं, त्यामुळे गाळलेल्या उत्तरांचा त्या माणसाशी संबंध नसतो. कंटाळून टाळलेल्या उत्तरांबद्दल तसं म्हणता येत नाही.

तुझेच ९० प्रश्न घे. वय, शिक्षण, जमीन असे १८ प्रश्न सर्वांना. उरलेल्या ७२ चे अ, ब, क असे २४-२४ चे गट आणि फॉर्म तीन : अब, बक, अक. प्रत्येकाला ६६ प्रश्न. १२०० जणांत दर गटाला ८०० उत्तरं मिळतात, गटांच्या दर जोडीला ४००. खरी मेख या जोडीत आहे. वेळ वाचवायला एकेकाला एकच गट दिला, तर अ आणि ब एकाच माणसाकडून कधीच येत नाहीत. मग त्यांचा सहसंबंध (दोन उत्तरं किती एकसाथ बदलतात ते) डेटात नसतोच, सॉफ्टवेअर तो गृहीत धरतं. दीडशे जणांच्या पाहणीत जोडीला जेमतेम ५० उरतात. तिथे हा खटाटोप नको.

फॉर्म गावानुसार वाटू नयेत, दर घराला टॅबनेच लॉटरी लावावी. 'गुरं आहेत का?' हा पुढचे प्रश्न उघडणारा प्रश्न सर्वांना हवा. 'विचारलं नाही', 'लागू नाही', 'सांगितलं नाही' यांचे कोड वेगळे ठेव. रकाना रिकामा सोडलास, तर ज्याच्या गोठ्यात गायच नाही त्याच्याकडेही सॉफ्टवेअर दूध काढतं!

सरासरी टाकून रकाने भरणं हा शुद्ध आळस. त्याने विखुरलेपण आणि सहसंबंध दोन्ही आक्रसतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांच्या मल्टिपल इम्प्युटेशनमध्ये रिकामे रकाने मिळालेल्या उत्तरांवरून अंदाजाने अनेकदा भरतात. समजा असे २० संच भरतात, प्रत्येकावर विश्लेषण करून निकाल एकत्र आणतात. संचासंचांतला फरक प्रमाण त्रुटीत, म्हणजे निकालाच्या अनिश्चिततेच्या मापात, धरला जातो. जे चल (व्हेरिएबल) विश्लेषणात लागणार, ते भरतानाच्या मॉडेलमध्ये हवेतच; नाहीतर त्यांचा संबंध खोटाच क्षीण दिसतो.

करिअर आहे : मार्केट रिसर्च, आरोग्य सर्वेक्षणं, यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईतली आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था बघ. मुलाखतीत एक गल्लत टाळ : २०२२-२३ च्या सरकारी घरगुती उपभोग खर्च पाहणीत खर्चाच्या तीन प्रश्नावल्या होत्या, पण त्या तीन भेटींत त्याच घरांना विचारल्या होत्या. तो वेगळा प्रकार.

आत्ता आर (R) ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा शिक, त्यातलं असे रकाने भरणारं 'माइस' (mice) पॅकेज वापर. एनएसएसचा (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा) युनिट लेव्हल, म्हणजे घराघराचा, डेटा घे, वरच्या पद्धतीने एकतृतीयांश रकाने स्वतःच पुसून भर आणि मूळ सहसंबंधांशी ताडून बघ. कुठे जुळलं नाही आणि का, हे दोन पानांत लिहून अर्जासोबत जोड.