ओपेथचा नवा अल्बम ऐकायचा असेल तर मधले चार अल्बम वगळले तरी चालतील का?

आपण विचारले आहे की, 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' या 2024 च्या अल्बममध्ये ओपेथ या स्वीडिश मेटल बँडने ग्रोल (घशातून काढलेले गुरगुरते गायन) पुन्हा आणले आहेत, तेव्हा बँड मूळ वाटेवर परतला असे धरून मधले ग्रोल नसलेले चार अल्बम सोडून 2008 च्या 'वॉटरशेड'वरून थेट नव्या अल्बमवर आले तर चालेल का. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ते देताना मी तटस्थ नाही, कारण याच वादापायी माझा बँड सुटला.

सप्टेंबर 2011 मध्ये त्या चारांपैकी पहिला, 'हेरिटेज', आला तेव्हा मी पुण्यात एका कॉलेजच्या बँडमध्ये गात होतो, म्हणजे फक्त ग्रोल करत होतो. तासाच्या भाड्याने घेतलेल्या जॅमरूममध्ये आम्ही चौघे तो अल्बम ऐकायला बसलो. सुरुवातीचा पियानो संपेपर्यंत सगळे गप्प होते. 'द डेव्हिल्स ऑर्चर्ड'मध्येही ग्रोल आला नाही, तेव्हा आमच्या गिटारिस्टने आवाज कमी केला आणि ओपेथचा गायक मिकाएल ओकरफेल्टबद्दल "याचा गळा गेलाय, म्हणून ही पळवाट" असा निकाल देऊन टाकला. मी मात्र त्या पियानोपाशीच अडकलो होतो. त्यामागे स्वीडिश जॅझ पियानोवादक यान योहान्सनचा प्रभाव आहे, ज्याने 1964 च्या 'जॅझ पो स्वेन्स्का'मध्ये स्वीडनच्या लोकधुना केवळ पियानो आणि बासवर, अतिशय संथपणे वाजवल्या, हे मी पुढे शोधून काढले. पण हे थकलेल्या माणसाचे संगीत नाही, एवढे त्या दुपारीही मला पक्के जाणवले होते.

पुढच्या तालमीला मी आमच्या नव्या गाण्याचा अर्धा भाग क्लीन, म्हणजे ग्रोल नसलेल्या साध्या आवाजात गाऊन पाहू असे सुचवले. त्यावर तीन तालमी वाद झाला, आणि महिन्याभराने एका महोत्सवाच्या पोस्टरवर आमच्या बँडच्या नावाखाली गायक म्हणून दुसऱ्याच मुलाचा फोटो मला दिसला. मला कोणी साधे कळवलेही नव्हते. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच गिटारिस्टचा तेरा वर्षांनी पहिला मेसेज आला : "आला ना शेवटी जागेवर?"

ओकरफेल्ट जागेवर आलेला नाही. गळा गेल्याची गोष्ट तर मुळातच खोटी होती. 2019 मध्ये पुण्यात एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवात त्याने जुनी गाणी ग्रोलसकट म्हटली, तेव्हा मी समोर उभा होतो. शिवाय 2003 च्या 'डॅमनेशन'मध्ये एकही ग्रोल नाही, आणि त्या अल्बमवर आमच्या बँडमधले हेच सगळे जीव टाकत होते. नव्या अल्बममध्ये ग्रोल आहे तो एका पात्राचा आवाज म्हणून. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका श्रीमंत घराण्यातल्या मृत कर्त्या पुरुषाचे मृत्युपत्र वाचले जाते, गाण्यांना नावांऐवजी कलमांचे क्रमांक आहेत, आणि जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन त्यात निवेदन करतो, बासरीही वाजवतो. ही मांडणी 'वॉटरशेड'मधून उचललेली नाही. सत्तरच्या दशकातल्या प्रॉगची (प्रोग्रेसिव्ह रॉकची) जी ओढ 'हेरिटेज' आणि 2014 च्या 'पेल कम्युनियन'मध्ये उघड झाली, तिच्यावाचून हा अल्बम उभाच राहिला नसता. वाल्टेरी वायरिनेनच्या ड्रम्सने त्याला धार आली आहे, हे खरे. पण सांगाडा त्या चार अल्बमांचाच आहे.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. 2016 चा 'सॉर्सरेस' मलाही विस्कळीत वाटतो, आणि 'हेरिटेज'च्या दौऱ्यात काही काळ त्यांनी ग्रोलची गाणी पूर्णपणे बाजूला ठेवली होती, तेव्हा तिकीट काढून गेलेल्या लोकांचा संताप गैर नव्हता. आपल्याला चारही अल्बम ऐकायचे नसतील तर निदान 'पेल कम्युनियन' आणि 2019 चा 'इन काउडा व्हेनेनम' ऐका. दुसऱ्याची स्वीडिश आवृत्ती निवडा, कारण त्या भाषेत ओकरफेल्टचा आवाज अधिक मोकळा वाटतो. त्यानंतर नवा अल्बम लावा आणि शेवटचे 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' होईपर्यंत उठू नका. संपूर्ण अल्बममध्ये नाव असलेले गाणे तेवढे एकच आहे, आणि त्यात एकही ग्रोल नाही. मी त्या गिटारिस्टला उत्तर म्हणून तेच गाणे पाठवले आहे.