तयारी झाल्यासारखं वाटेपर्यंत थांबावं का?

तुम्ही विचारलंय की भोसरीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून दोन वर्षं झाली, आता साहेब ग्राहकापुढे एट-डी रिपोर्ट (दोष, त्याचं कारण आणि उपाय डी-१ ते डी-८ अशा आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) मांडायला पाठवताहेत, पण तयारी झाल्यासारखं वाटत नाही. आत्मविश्वास येईपर्यंत अजून वर्षभर थांबू का?

थांबू नका. मीही असंच एक वर्ष थांबून घालवलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

माझीही सुरुवात भोसरी एमआयडीसीतली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकल डिप्लोमा. हातात मायक्रोमीटर असला की कशाची भीती नसायची, पण चार माणसांपुढे इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. एकदा बोअर (आतलं भोक) मोठं झालेले पीस चाकणच्या ग्राहकाकडे पोचले आणि रिपोर्ट मांडणारे सीनियर नेमके सुट्टीवर. मी नाही म्हणायच्या तयारीत होते. मॅनेजर म्हणाले, "पीस तूच मोजलेस ना? मग तूच जा." मोशीला इंद्रायणीचा पूल येईपर्यंत पहिली स्लाइड मनातल्या मनात दहादा म्हणून झाली होती.

दोष का घडला ते मी नीट सांगितलं: इन्सर्ट (मशीनमधलं कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (त्या टोकासाठी मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) चुकीचा टाकला गेला. मग समोरच्या बाईंनी विचारलं, "ठीक आहे, पण तो तुमच्याकडेच का सापडला नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ कारण दोन्ही बाजूंनी शोधायचं असतं, दोष का घडला आणि तो आपल्या तपासणीतून का निसटला. मी एकच बाजू केली होती. म्हटलं, "मॅडम, ते अजून शोधलेलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळवते." त्यांनी वहीत तारीख टिपली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. बस. ज्या क्षणाला मी वर्षभर घाबरत होते तो एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी लाइनवर उभी राहिले. चेकशीटवर तासाला एक पीस तपासा असं होतं. इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला पीस तपासा, ही ओळच नव्हती. ती घातली आणि रिपोर्ट पूर्ण करून पाठवला. दोन्ही बाजू शोधायच्या हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण अंगवळणी पडलं ते त्या बाईंच्या प्रश्नामुळे.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं की "हे मला जमेल" हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यात सगळ्यात भक्कम पहिलं. तुम्ही मात्र निर्णय चौथ्यावर सोपवलाय. छातीत धडधडतंय म्हणजे तयारी नाही, असा हिशेब मांडताय. धडधड मला अजूनही होते.

त्यांचंच आणखी एक म्हणणं लक्षात ठेवा: पाया घट्ट होण्याआधीच मोठं अपयश आलं तर तो विश्वास खचतो. म्हणून पहिल्याच फेरीत सगळा रिपोर्ट अंगावर घेऊ नका. साहेबांना सांगा, "या वेळी दोषाचं वर्णन आणि तात्पुरती रोखथाम, म्हणजे डी-२ आणि डी-३, मी मांडते. पुढचं तुम्ही घ्या, मी शेजारी बसून ऐकते." पुढच्या वेळी डी-४, म्हणजे मूळ कारण, तेही तुम्हीच मांडा. कुठलाही समंजस साहेब याला नाही म्हणणार नाही.

हे सगळं बोलण्याच्या, मांडण्याच्या कामांना लागू आहे. प्रेस, क्रेन, इलेक्ट्रिक पॅनेल यांना ट्रेनिंग आणि परवानगीशिवाय हात लावायचा नाही. स्वतः न मोजलेल्या मापावर सहीही करायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी. तिथे "अजून तयार नाही" हेच बरोबर उत्तर आहे.

जायच्या आदल्या रात्री घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सगळं मोठ्याने सांगा, आधी मराठीत. त्यांना समजलं नाही ती जागा तुम्हालाही पक्की कळलेली नसते. आणि डी-४ तुमच्याकडे येईल तेव्हा पानावर दोन रकाने आखून "का निसटला" हा आधी भरा.