टेबलं नंतर, आधी पट्टी वाच

अडत दुकानासाठी डेटाबेस बनवायचं पहिलंच काम मिळालंय ना? मग सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एक सकाळ उभा राहा. शेतकरी, अडत्या, खरेदीदार, पोती, सौदा, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब) हे शब्द वहीत लिही. तुझं डेटा मॉडेल, म्हणजे कोणती माहिती ठेवायची आणि ती एकमेकींशी कशी जोडायची याचा आराखडा, त्यातूनच निघेल.

मग शब्दाशब्दांमध्ये रेघ ओढ आणि प्रत्येक रेघेवर प्रश्न विचार. एका शेतकऱ्याचा माल दोन अडत्यांकडे जातो का? एक लॉट दोन खरेदीदारांत वाटला जातो का? पट्टी झाल्यावर वजनात चूक सापडली तर? उत्तर देताना अडत्या थबकला, की तिथंच थांबून खोलात विचार. मी एकदा ‘एका शेतकऱ्याची एकच पट्टी’ असं न विचारताच धरून चाललो होतो; दोन महिन्यांचं काम उसवावं लागलं.

नवखे पहिल्याच दिवशी टेबलं आणि प्रायमरी कीमध्ये (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) शिरतात, नाहीतर जुन्या एक्सेलचे रकाने जसेच्या तसे उचलतात. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) मॉडेलमधल्या वस्तू आणि त्यांची नाती, एवढंच सध्या पुरे. नॉर्मलायझेशन, म्हणजे तीच माहिती दोनदा साठू नये म्हणून टेबलांची फोड, नंतर बघू.

चित्र एका कागदावर मावेल एवढंच काढ आणि दिवाणजींना वाचून दाखव. त्यांनी खोडायला पेन मागितलं, तर लगेच दे.