आगबोट की वाफबोट?

एका वाचकाचा प्रश्न आहे : जहाज चालायचं वाफेवर, मग शब्द 'आगबोट' कसा? 'स्टीमबोट'चं भाषांतर करताना कुणाची तरी चूक झाली का?

मला ही चूक वाटत नाही. 'वाफ' हा शब्द घरोघरी होता. नुसतं भाषांतर करायचं असतं, तर 'वाफबोट' सहज झालं असतं. पण वाफ असायची बॉयलरच्या पोटात. धक्क्यावरच्या माणसाला दिसायची ती भट्टी आणि धूर. जे दिसलं त्यावरून त्यानं नाव ठेवलं.

शिवाय युरोपातही आधी आगच होती. इंग्रजीत वाफेच्या इंजिनाला सुरुवातीला 'फायर इंजिन' म्हणत. १५ जुलै १७८३ रोजी फ्रान्समध्ये लिऑनला, सोन नदीत, जुफ्रवा या फ्रेंच संशोधकानं वाफेची बोट सुमारे पाव तास प्रवाहाविरुद्ध चालवून दाखवली. ती 'पिरोस्काफ' या नावानं ओळखली जाते. ग्रीकमध्ये 'पिर' म्हणजे आग आणि 'स्काफे' म्हणजे होडी. म्हणजे अक्षरशः आगबोटच! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पोर्तुगीजांनी मात्र वाफच धरून ठेवली. त्यांच्याकडे वाफ आणि वाफेचं जहाज, दोन्हीला 'व्हापोर'.

आपल्याकडे 'ह्यू लिंडसे' हे वाफेचं जहाज मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलं आणि २० मार्च १८३० रोजी ते सुएझला निघालं. कोळसा कोठारांत मावेना, म्हणून केबिनी आणि डेकही कोळशानं भरले. असं जहाज पाहणाऱ्याला आग आठवणारच. आगगाडी धावली १८५३ साली; तेव्हा त्या शब्दाचा साचा बोटीनंच घालून दिला असावा, असं मला वाटतं. गुजरातीतही 'आगबोट'च आहे, हेही लक्षात घ्या.

'गलबत' न घेता साहेबाची 'बोट' का घेतली? गलबत म्हटलं की शीड आलं, वारा आला. ही वाऱ्याची वाट न पाहणारी नवीच वस्तू होती. आपण तिला स्त्रीलिंग दिलं, म्हणून हाताच्या बोटाशी घोटाळा झाला नाही. पुढे 'आग' गळली आणि कोकणात नुसती 'बोट' उरली. 'बोट लागली' म्हणजे ती धक्क्याला आली, 'मला बोट लागली' म्हणजे पोटात ढवळलं, आणि 'बोट लागलं' म्हणजे हाताचं.