मुलांसाठी वर्गणी जमली, आता खोली बांधायची की खेळणी घ्यायची?

तुमचा प्रश्न असा, की वस्तीने मिळून सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वर्गणी काढली आहे, आता त्यातून बालवाडीची खोली बांधावी की खेळणी आणावीत? मला विचाराल तर दोन्ही तूर्त थांबवा. आधी चांगली बाई नेमा, तिचा निदान दोन वर्षांचा पगार बाजूला काढून ठेवा, आणि मग उरलेल्या पैशांत काय बसतंय ते बघा.

मी हे जमैकातल्या प्रयोगाच्या भरवशावर म्हणतेय. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ मुलं त्यात घेतली होती, सगळी ९ ते २४ महिन्यांची. त्यांतल्या काहींच्या घरी एक आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर यायची. घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी आणायची, ती तिथेच ठेवून जायची आणि पुढच्या खेपेला बदलून द्यायची. खरी मेख पुढे आहे. मुलाला खेळवणं हे तिचं मुख्य काम नव्हतंच. आईने कसं खेळावं, काय बोलावं, बाळाने हुंकार दिला की त्याला उत्तर कसं द्यावं, हे ती दाखवायची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. ना इमारत, ना महागडं साहित्य. (म्हणून पोटाकडे दुर्लक्ष करा असं नाही. उपाशी पोरगं खेळेल कसं?)

दुसरं म्हणजे, बालवाडी काढली की तिथे तीन वर्षांपुढची मुलं येतात. त्याआधीची सगळी वर्षं आईच्या कडेवर जातात, आणि मेंदूची सगळ्यात झपाट्याने वाढ तेव्हाच होते. तिथवर पोचायचं तर घरीच जावं लागतं. अमेरिकेतल्या पेरी प्रकल्पात (गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या बालशाळेचा प्रयोग) तर १९६०च्या दशकात रीतसर वर्ग भरायचे, तरी शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायच्याच.

खोलीचा मोह मला कळतो. खोली दिसते, तिच्यावर पाटी लागते, देणगीदार खूश होतात. पगार कुणाला दिसत नाही, म्हणून तोच आधी कापला जातो. मग बाई सोडून जाते, आणि तिच्याशी जुळलेलं मूल पुन्हा नव्या चेहऱ्यासमोर रडत बसतं.

बांधकामाच्या बाजूने एकच गोष्ट मला पटते. १९४५ मध्ये युद्ध संपताच इटलीतल्या रेजिओ एमिलियाजवळच्या एका खेड्यात लोकांनी जर्मनांनी सोडलेला रणगाडा, ट्रक, घोडे विकून आलेल्या पैशांतून स्वतःच्या हातांनी बालशाळा उभारली. तिथे आईबाप नुसते वर्गणीदार नव्हते, शाळा कशी चालावी हेही तेच ठरवत होते. तुमच्याकडे तशी तयारी असेल तर खोली जरूर बांधा. पण कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात टाका, आणि त्या खात्यावर दोन पालकांच्या सह्या ठेवा.