विंडोज १० चालणारा जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११ बसत नाही. लिनक्स टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, लॅपटॉपला सहाव्या पिढीचा इंटेल आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. लिनक्स टाकलं तर कॉलेजची कामं अडतील का, आणि मराठी टाइप करता येईल का?

टाका, पण विंडोज पुसू नका. निदान एक अख्खं सेमिस्टर दोन्ही ठेवा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तुमचा लॅपटॉप त्या यादीत येत नाही. दुकानदार आडमार्गाने ११ बसवून देतात, पण ४ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ते वापरायला बसलात की चहा करून येईपर्यंत ब्राउझर उघडत नाही. तो मार्ग मी सुचवणार नाही.

तुम्ही शाखा लिहिलेली नाही, आणि खरं उत्तर तिच्यावरच ठरतं. सिव्हिल, मेकॅनिकलला ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, रेव्हिट, स्टॅड प्रो, ईटॅब्स लागतात. यातलं एकही लिनक्सवर नाही. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं साधन) चालवून बघण्यात आठवडे घालवू नका, सबमिशनच्या आदल्या रात्री ते नेमकं दगा देतं. लिनक्सवरचं फ्रीकॅड चांगलं आहे, पण सरांनी ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल मागितली तर तुमचं फ्रीकॅड कुणी बघणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सला प्रोटियस, कील आणि मल्टिसिम विंडोजवरच चालतात. आर्डुइनो, कायकॅड, सायलॅब, मॅटलॅब हे सगळं लिनक्सवर येतं, आणि एलटीस्पाइस वाइनमध्ये बऱ्यापैकी चालतं. कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल तर उलट फायदाच आहे. सी, पायथन, जावा, मायएसक्यूएल, गिट, सगळं एकेका आज्ञेत बसतं. अपवाद दोन. पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ आणि त्यातले विंडोज फॉर्म्स मिळणार नाहीत. अँड्रॉइड स्टुडिओ ४ जीबीवर कुठल्याच सिस्टिमवर धड चालत नाही, तो दोष लिनक्सचा नाही.

आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत अजून टर्बो सी चालतं, त्याचं वेगळं सांगतो. लिनक्सच्या जीसीसी या कंपायलरमध्ये कोनिओ आणि ग्राफिक्स या हेडर फाइल नाहीत, म्हणून क्लिअरस्क्रीन किंवा गेटसीएच वापरलेला प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. सी++ मध्ये मेनच्या आधी व्हॉइड लिहिलं तरी एरर येतो. उपाय असा की घरी सराव जीसीसीवर करा, कारण पुढे तेच उपयोगी पडेल. प्रॅक्टिकलच्या फाइलसाठी मात्र डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) टाकून त्यात टर्बो सीचं फोल्डर माउंट करा, ते जसंच्या तसं चालतं.

ऑनलाइन परीक्षा हे विंडोज राखून ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण. सेफ एक्झाम ब्राउझर, म्हणजे परीक्षेपुरता लॅपटॉप बंदिस्त करणारा ब्राउझर, त्याची लिनक्स आवृत्ती नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज टाकून हा ब्राउझर उघडला तरी तो ते मशीन ओळखतो आणि सहसा नकार देतो. प्लेसमेंटच्या काही चाचण्यांनाही विंडोज किंवा मॅकच लागतो. परीक्षा सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी हे कळू नये.

आता यंत्राकडे वळू. सिस्टिम बदलण्याआधी डिस्क बदला. २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), २४० किंवा २५६ जीबीची, पुरते. हार्ड डिस्क तशीच ठेवून कुठलंही लिनक्स टाकलंत तर फरक जाणवेल, पण एसएसडीने जो पडतो तसा नाही. रॅमचं टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर बघा. तिथे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते दिसतं. सहाव्या पिढीच्या काही लॅपटॉपांत डीडीआर३एल असते, काहींत डीडीआर४. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचल्याशिवाय नवी घेऊ नका. ८ जीबी झाली की पुढची तीन वर्षं निघतील.

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर फारच सोपं. एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी बसवायची आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत (डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाच्या खोक्यात) घालून डीव्हीडीच्या जागी. कॅडी दोन जाडीच्या येतात, ९.५ आणि १२.७ मिमी, म्हणून ड्राइव्ह काढून मोजा. काही लॅपटॉप कॅडीतल्या डिस्कवरून बूट होत नाहीत. तसं निघालं तर विंडोज लागेल तेव्हा डिस्कची अदलाबदल करावी लागेल, आणि त्या जागेत ती फक्त साठवणीला वापरायची.

कुठलं लिनक्स, यावर लोक रात्र जागवतात. नवख्या विद्यार्थ्याला मी मिंट हा लिनक्सचा प्रकार सांगतो. ४ जीबी असेल तर त्याचं हलकं एक्सएफसीई रूप, ८ असेल तर सिनॅमन. मिंटची २२ ही मालिका उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणजे तुमची डिग्री होईपर्यंत सिस्टिम बदलायला नको. उबुंटूसाठी लिहिलेल्या बहुतेक सूचना मिंटवरही लागू पडतात. फेडोरा उत्तम आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच चालते. आर्च किंवा काली पहिल्या खेपेला नकोच. काली ही सुरक्षा तपासणीची पेटी आहे, रोजच्या वापराची सिस्टिम नव्हे, मग हॉस्टेलमध्ये ती कितीही रुबाबदार दिसो.

तयारी अशी. आधी सगळ्या फाइल दुसऱ्या डिस्कवर किंवा गूगल ड्राइव्हवर उतरवा, आणि उतरवलेल्यांपैकी दोनचार उघडून बघा. मग सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की विंडोज हीच की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला. त्यानंतर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ती पार्टिशनं फक्त वाचता येतात, त्यांवर लिहिता येत नाही. शेवटी सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड युईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते टिपून ठेवा. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर लिनक्स त्याच मोडमध्ये टाकायचं, नाहीतर सुरुवातीच्या मेनूत एकच सिस्टिम दिसते.

मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल साधारण ३ जीबीची असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डाउनलोड अर्धवट किंवा बिघडलेलं निघणं ही नवख्यांची फार नेहमीची अडचण. इन्स्टॉल मध्येच अडकतं आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. म्हणून उतरवलेल्या फाइलची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा संकेतांक) संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून बघा. विंडोजमधली सर्टयुटिल ही आज्ञा ती काढून देते. पेनड्राइव्ह रूफस या प्रोग्रॅमने बनवा, त्यातलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवून. लॅपटॉप सुरू करताना डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप दाबलं की बूट मेनू येतो. एसरला एफ१२ आहे, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिम अस्सल आहे का ते तपासणारी सोय) बंद करायची गरज नाही, मिंट त्यासकट चालतं.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेलं मिंट लगेच इन्स्टॉल करू नका. तासभर तसंच वापरा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, आणि एचडीएमआयला टीव्ही किंवा प्रोजेक्टर लागतो का, हे सगळं इथेच कळतं. बिनसतं ते बहुधा वाय-फाय. इंटेलचं कार्ड असेल तर काळजी नाही. ब्रॉडकॉमला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बिनबोभाट चालतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. एचपीच्या त्या काळातल्या काही लॅपटॉपांत रिअलटेकचं ८७२३बीई कार्ड आहे. त्यात राउटरच्या शेजारी बसल्यावरच सिग्नल येतो. एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरीवर ऐकत बसतो. त्याला एएनटी-एसईएल हा पर्याय १ किंवा २ असा देऊन बघितला की सुटतं.

एसएसडी घेतली असेल तर इन्स्टॉल करताना जुनी हार्ड डिस्क सरळ काढून बाजूला ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की मिंटचा इन्स्टॉलर तुम्ही काहीही निवडलंत तरी बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकतो, आणि मग ती डिस्क काढल्यावर लिनक्स सुरूच होत नाही. एकटी एसएसडी असेल तर "पूर्ण डिस्क पुसा" निवडून मोकळे व्हा. स्वॅपचं (रॅम भरली की डिस्कवर वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन लागत नाही, इन्स्टॉलर स्वॅप फाइल स्वतः बनवतो.

एकाच डिस्कवर जागा करायची असेल तर ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करून मोकळी करा, किमान ६० जीबी. मोकळी जागा भरपूर असून श्रिंक थोडीच देत असेल तर मधे न हलणाऱ्या फाइल आहेत. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करून पुन्हा करा. आता खरा धोका. गल्लीतल्या दुकानात विंडोज भरून घेतलेल्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क विभागायची जुनी एमबीआर पद्धत आणि सी, डी, ई अशी पार्टिशनं असतात. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशनं बसतात. पाचवं करायला गेलात की विंडोज डिस्क "डायनॅमिक" करायची परवानगी मागतं. तिला होकार देऊ नका. तशा डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर हात टेकतो. त्यापेक्षा ई मधला माल डी मध्ये हलवून ई काढून टाका. युईएफआय असेल तर विंडोजचं छोटं ईएफआय पार्टिशन वापरा, पण फॉरमॅटची खूण त्याच्यापुढे करू नका.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट करा आणि टाइमशिफ्ट लावा, काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. मात्र त्याला तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप समजू नका, ते फक्त सिस्टिम जपतं. विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. लिनक्समध्ये टाइमडेट-सीटीएल या आज्ञेने लोकल-आरटीसी १ केलं की दोघांचं जुळतं. पायथनमध्ये पिप या आज्ञेने काही बसवायला गेलात आणि "एक्स्टर्नली मॅनेज्ड" असा नकार आला तर इंटरनेटवर सांगतात तसा तो जबरदस्तीने मोडू नका. सिस्टिमची स्वतःची अवजारं त्याच पायथनवर चालतात. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. आणि लिनक्समध्ये फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. विंडोजवर चालणारा तुमचा वेब प्रोजेक्ट इथे चित्र सापडत नाही म्हणाला तर पहिलं तेच बघा.

मराठीचं काम सोपं आहे. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, बोटांना काही नवीन शिकायला नको. इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय असेल तर त्याच यादीत मराठीचा कगप फोनेटिक आराखडा आहे, किंवा इनपुट मेथडमध्ये आयबस आणि एम१७एन बसवून लॉगआउट करून परत आलात की आयट्रान्स हा इंग्रजी अक्षरांतून लिहायचा आराखडाही मिळतो. गूगलच्या जुन्या साधनाइतके शब्द तो सुचवत नाही, पहिला आठवडा चिडचिड होईल. शिवाजी, किरण किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाइल मात्र इथे रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात, कारण त्यांत मजकूर युनिकोड नसतोच. त्या विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

रिपोर्ट लिब्रेऑफिसमध्ये लिहिता येतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि केंब्रियाच्या जागी कॅलाडिया हे त्याच मापाचे फॉन्ट आहेत, ओळी सरकत नाहीत. देवनागरीचं तसं नाही. मंगल किंवा निर्मलामध्ये केलेला मजकूर इथे नोटो किंवा लोहितमध्ये उघडतो आणि पानं हलतात. म्हणून जमा करताना पीडीएफच द्या, आणि गटातल्या इतरांबरोबर एकच वर्ड फाइल फिरवायची असेल तर ब्राउझरमधलं वर्ड वापरा. शिकायला मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत.

एकाच डिस्कवर दोन्ही असतील तर विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच उघडतो. लिनक्स गेलेलं नसतं. बायोसमध्ये बूटचा क्रम बदला, झालं. ऑगस्ट २०२४ च्या एका अपडेटनंतर अनेकांच्या लिनक्सने "एसबॅट" तपासणी नापास असा संदेश देऊन सुरू व्हायलाच नकार दिला होता. तसं काही झालं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन सगळे अपडेट घ्या, मग परत चालू करा. दोन वेगळ्या डिस्क असल्या की यातलं बरंच टळतं. लिनक्स नकोसं झालं तर एसएसडी पुसून तिच्यावर विंडोज टाका, पैसे वाया जात नाहीत. आणि हे सगळं प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात नको, सेमिस्टरच्या सुट्टीत करा.